क्रीडांगणातून जाणारी वाट कोणासाठी?

अमेरिकेतील हायस्कुलात शिकणाऱ्या मुलाने महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून एखादा खेळ खेळलाच पाहिजे काय, असा प्रश्न तेथील पालक दरसाल विचारीत असतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी घरांतही तो विचारला जातो, आणि मुलांना तेथे धाडू पाहणाऱ्या पुण्यामुंबईच्या सुस्थित कुटुंबांतही. वरवर पाहता हा निव्वळ व्यवहाराचा प्रश्न आहे. ज्याने त्याने आपल्यापुरता सोडवावा असा. परंतु त्याच्या उत्तराचा नीट मागोवा घेऊ लागले म्हणजे घरातील पैशाचे रूपांतर मुलाच्या ‘गुणवत्ते’त कसे केले जाते आणि या रूपांतराला न्याय्यतेचा मुलामा कसा चढविला जातो, याचे एक स्वच्छ उदाहरण हाती लागते. आपल्याकडील काही खासगी विद्यापीठेही गुणांबरोबर निबंध, मुलाखत आणि अभ्यासेतर उपक्रम पाहून प्रवेश देऊ लागली आहेत. तेव्हा ज्या घरातून ही रीत उसनी आणली गेली, त्या घरात ती काय करते हे समजून घेणे अनाठायी ठरू नये.

प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देऊन टाकावे. अमेरिकेत महाविद्यालयात जाण्यासाठी खेळाची मुळीच आवश्यकता नाही. चार वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या १,३६४ संस्थांच्या प्रवेशांची प्यू संशोधन केंद्राने पाहणी केली, तेव्हा २०१७ साली शंभर अर्जदारांतून दहाहूनही कमी जणांना घेणाऱ्या संस्था अवघ्या १७ निघाल्या. निम्म्याहून अधिक संस्था आलेल्या अर्जांपैकी दोन तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक अर्ज स्वीकारीत होत्या. याखेरीज लक्षावधी श्रमिकांची मुले ज्या दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत शिकतात, तेथे बहुतेक ठिकाणी हायस्कूल पूर्ण केलेल्या कोणालाही प्रवेश खुला असतो. तेथे कोणी कोणता चेंडू किती वेगाने टोलविला याची चौकशी होत नाही. म्हणजे सर्वसामान्य अमेरिकन मुलापुरता हा प्रश्न निकालात निघाला. प्रवेशापेक्षा फी आणि कर्ज हीच त्याची खरी चिंता असते.

तरीही प्रश्न मिटत नाही, कारण तो ज्या मूठभर संस्थांविषयी विचारला जातो त्या संस्था मूठभर असूनही सामान्य नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ आयव्ही लीग विद्यापीठे आणि त्यांच्या जोडीला स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक व शिकागो अशा बारा संस्थांतून अमेरिकेच्या लोकसंख्येचा एक टक्काही भाग शिकत नाही. परंतु त्या देशाच्या पाचशे सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांपैकी दहा टक्क्यांहून अधिक, सिनेटच्या सदस्यांपैकी चौथा हिस्सा आणि गेल्या अर्धशतकात नेमल्या गेलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांपैकी तीन चतुर्थांश याच संस्थांतून आलेले आहेत. सत्तेच्या जिन्याची ही पहिली पायरी आहे. त्या पायरीवर कोणाला उभे राहू द्यावयाचे, याचा निर्णय ज्या निकषांनी होतो ते निकष म्हणूनच केवळ शिक्षणखात्याचा अंतर्गत मामला राहत नाहीत. (जाता जाता नमूद करावयास हरकत नाही की ‘आयव्ही लीग’ हे नाव जगभर विद्वत्तेचे बिरुद म्हणून मिरविले जात असले, तरी मुळात ते आठ विद्यापीठांच्या आपसातील क्रीडास्पर्धांच्या संघटनेचे नाव आहे.)

या संस्थांत खेळाचा संबंध दोन अगदी भिन्न रीतींनी येतो आणि बहुतेक पालकांचा गोंधळ या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे होतो. पहिली रीत सर्वसामान्य अर्जदाराची. त्याच्या अर्जात दहा उपक्रम लिहिण्याची सोय असते. त्यांत शाळेच्या फुटबॉल संघाचे नाव असले काय अन् वादविवाद मंडळाचे असले काय, फारसा फरक पडत नाही. हौसेने खेळणाऱ्या मुलाला खेळामुळे दार उघडते असे मानणे हा भ्रमच आहे. दुसरी रीत ‘भरती केलेल्या’ खेळाडूची. हा अर्जदार प्रवेश कार्यालयाकडे जाण्यापूर्वीच विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने निवडून ठेवलेला असतो. त्याच्यासाठी दार वेगळे असते आणि रांगही वेगळी.

ही दुसरी रांग किती आखूड आहे हे बाहेर कधी आले नसते. हार्वर्डविरुद्ध एका संघटनेने दाखल केलेला खटला २०१८ साली चालला आणि विद्यापीठाला आपल्या दप्तरातील आकडे न्यायालयापुढे ठेवावे लागले. वादी पक्षाचे तज्ज्ञ साक्षीदार पीटर आर्सिडियाकोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आकड्यांवरून पुढे जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात असे दिसते की सर्वसाधारण अर्जदारांपैकी जेमतेम सहा टक्क्यांना प्रवेश मिळत असताना भरती केलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना तो मिळत होता. हे खेळाडू एकूण अर्जदारांच्या एक टक्क्याहूनही कमी, परंतु प्रवेश मिळालेल्यांत मात्र दहा टक्क्यांहून अधिक. खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदार वा बड्या मंडळींशी संबंधित अशी अधिष्ठात्यांच्या खास यादीतील मुले आणि प्राध्यापकांची मुले या चार गटांत प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक मोडत होते. काळ्या, आशियाई वा हिस्पॅनिक विद्यार्थ्यांत हेच प्रमाण १६ टक्क्यांच्याही खाली होते. या चार गटांतील गोऱ्या मुलांना साध्या अर्जदारासारखे वागविले असते, तर त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश मुले नाकारली गेली असती, असा त्या अभ्यासकांचा हिशेब आहे. राखीव जागा म्हटले की ज्यांच्या कपाळावर आठ्या चढतात, त्यांनी हा आकडा जरा वेळ डोळ्यांसमोर ठेवावा.

आता ही निवड होते कशी? प्रत्येक खेळाच्या प्रशिक्षकाला विद्यापीठ ठराविक संख्येच्या जागा देते. किमान शैक्षणिक पात्रतेची मर्यादा सांभाळून त्या जागांवर कोणाची नावे सुचवावयाची हे तो ठरवितो. हे प्रशिक्षक गावोगावच्या सरकारी शाळांचे सामने पाहत हिंडत नाहीत, त्यांना तेवढा वेळही नसतो. उन्हाळ्याच्या सुटीत खासगी क्लबांच्या ज्या मोठमोठ्या स्पर्धा आणि शिबिरे भरतात, तेथे ते हजर असतात. म्हणजे मूल क्लबात असले पाहिजे, क्लबाची फी भरलेली असली पाहिजे, खासगी शिक्षक ठेवलेला असला पाहिजे, आणि वर्षातून अनेकदा दुसऱ्या राज्यात विमानाने वा मोटारीने जाऊन हॉटेलात राहण्याची ऐपत व ते घडवून आणण्याइतकी सवड आईबापांना असली पाहिजे. ज्या आईला शनिवार-रविवारी दुकानात पाळी असते, तिच्या मुलाचे नाव प्रशिक्षकाच्या वहीत येईल कसे? त्याला कोणी नाकारीत नाही. त्याला कोणी पाहतच नाही. वर्गीय चाळणी प्रवेश कार्यालयाच्या उंबरठ्यावर लागत नसून तिच्या पुष्कळ अलीकडे, मूल दहाबारा वर्षांचे असतानाच लागलेली असते. आणि म्हणूनच कार्यालयातील अधिकारी अगदी प्रामाणिकपणे सांगू शकतात की आम्ही अर्जदाराच्या बापाचे उत्पन्न विचारीत नाही.

शाळेतच मोफत खेळावयास मिळते ना, असा प्रतिप्रश्न कोणी करील. मिळते, पण सर्वत्र सारखे नव्हे. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक घरपट्टीतून येतो. श्रीमंत वस्तीतील शाळेला पोहण्याचा तलाव आणि गरीब वस्तीतील शाळेला भेगा पडलेले मैदान, ही विषमता या व्यवस्थेतच आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या गरीब वस्तीतल्या पालकांनी तिला आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की अशा विषमतेने राज्यघटनेचा भंग होत नाही. पुढे शाळांचे अंदाजपत्रक आखडले की खेळांसाठी वेगळी फी घेण्याची प्रथा अनेक जिल्ह्यांत रूढ झाली. अॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार खेळणाऱ्या मुलाच्या मुख्य खेळावर कुटुंबाचा सरासरी वार्षिक खर्च २०२४ साली हजार डॉलरच्या वर गेला; २०१९ च्या तुलनेत ही वाढ ४६ टक्के होती. ही सरासरी आहे हे ध्यानात ठेवावे. प्रशिक्षकाच्या नजरेत भरण्याइतपत तयारी करणाऱ्या घरांचा खर्च तिच्या कितीतरी पट असतो.

शिवाय कोणते खेळ? या ठिकाणी विषयाचे मर्म आहे. अमेरिकन विद्यापीठ म्हटले की दूरचित्रवाणीवर दिसणारे फुटबॉल आणि बास्केटबॉल आठवते व त्यांतील काळे खेळाडू आठवतात. परंतु हार्वर्ड एकूण ४२ खेळांचे संघ बाळगते. त्यांत स्क्वॉश आहे, तलवारबाजी आहे, नौकानयन आहे, शिडाच्या होड्यांची शर्यत आहे, गोल्फ आहे, वॉटर पोलो आहे. शिडाची होडी चालवावयास आधी होडी लागते आणि त्याआधी समुद्रकाठचा क्लब लागतो. हे खेळ वाईट आहेत असे नव्हे. पण ते देशातील बहुसंख्य हायस्कुलांत खेळलेच जात नाहीत, आणि ज्या खासगी शाळांत खेळले जातात त्यांची वार्षिक फी अनेकदा सामान्य कामगाराच्या वर्षाच्या मजुरीशी स्पर्धा करते. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्ससारख्या लहान पण नामांकित महाविद्यालयात तर सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या अधिकृत संघात असतात. महाविद्यालय जेवढे लहान, तेवढा संघांनी व्यापलेला हिस्सा मोठा, हे साधे अंकगणित आहे. कारण संघाला लागणारी माणसे काही महाविद्यालयाच्या आकाराप्रमाणे कमी होत नाहीत.

आपल्याकडचा धागा येथे जुळतो. हार्टफर्डच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या स्क्वॉश संघाने १९९८ पासून २०१२ पर्यंत ओळीने २५२ सामने जिंकले. हा संघ देशोदेशींच्या खेळाडूंतून उभा केलेला होता आणि त्यांत भारतीय मुलेही होती. मुंबईतील मोजक्या क्लबांतून अमेरिकन महाविद्यालयापर्यंत जाणारी ही वाट आज पैसेवाल्या घरांना चांगली परिचित आहे. त्या मुलांचे कष्ट खोटे नाहीत, पहाटे उठून त्यांनी घाम गाळलेलाच असतो. पण त्याच शहरातील गिरणगावात, उघड्या मैदानावर ज्या मुलांनी कबड्डीत आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, त्यांच्यासाठी तशी वाट नाही, कारण कबड्डीचा संघ येल बाळगीत नाही. घाम दोघांचाही सारखाच खारट. एकाच्या घामाला परदेशी बाजारात भाव आहे, एवढाच काय तो भेद.

हे असे का झाले याला इतिहास आहे. हिरे आणि सोने यांच्या खाणींवर गबर झालेला सेसिल ऱ्होड्स १९०२ साली मरण पावला. ऑक्सफर्डच्या शिष्यवृत्त्यांसाठी आपल्या मृत्युपत्रात त्याने जे गुण सांगितले, त्यांत विद्वत्तेबरोबर मर्दानी मैदानी खेळांची आवड आणि त्यांतील यश हाही गुण होता. साम्राज्य चालविणारी माणसे केवळ पुस्तकी असून भागणार नव्हते. अमेरिकेत या कल्पनेला वेगळेच वळण मिळाले. १९२० च्या सुमारास हार्वर्डमध्ये परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळविणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेले. त्यांत पूर्व युरोपातून आलेल्या गरीब स्थलांतरितांची मुले होती. अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांना ही संख्या खुपू लागली आणि १९२२ साली त्यांनी तिला मर्यादा घालण्याचा विचार उघडपणे मांडला. त्यावर गदारोळ उठला, उघड मर्यादा मान्य झाली नाही. मग १९२६ च्या सुमारास तोच हेतू दुसऱ्या मार्गाने साधण्यात आला : केवळ गुण न पाहता अर्जदाराचे ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’ आणि ‘नेतृत्व’ पाहावयाचे. अर्जासोबत छायाचित्र मागविण्यात आले. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या तिन्ही विद्यापीठांच्या प्रवेशाचा हा इतिहास समाजशास्त्रज्ञ जेरोम कॅराबेल यांनी २००५ साली आपल्या ग्रंथात साधार मांडला आहे. घासून अभ्यास करणारा, फिकट चेहऱ्याचा स्थलांतरिताचा मुलगा एकीकडे आणि मैदानावर वाढलेला, रुंद खांद्यांचा, जुन्या घराण्यातील मुलगा दुसरीकडे, असा तो सामना होता. ज्याला आज ‘समग्र मूल्यमापन’ असे भारदस्त नाव आहे, त्याच्या जन्मकथेत हे पान आहे. म्हणून आजचे सर्व प्रवेश अधिकारी त्याच हेतूने वागतात असा आरोप करणे अन्यायाचे होईल. पण एखादे हत्यार ज्या कामासाठी घडविले गेले ते काम ते पुढेही सहज करीत राहते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको.

ते काम आजही होत आहे याचा पुरावा २०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी दिला. आयकराची दप्तरे आणि प्रवेशाची दप्तरे एकमेकांशी ताडून त्यांनी दाखविले की प्रवेशपरीक्षेत अगदी सारखे गुण असूनही सर्वांत वरच्या एक टक्का उत्पन्नाच्या घरातील मूल उपरोक्त बारा संस्थांत दाखल होण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक असते. या तफावतीचा दोन तृतीयांश भाग प्रवेशाच्या निर्णयातून येतो. त्यामागे तीन कारणे त्यांना आढळली : माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना दिले जाणारे झुकते माप, अभ्यासेतर गुणांना दिलेले वजन आणि खेळाडूंची भरती. राज्यांच्या प्रमुख सार्वजनिक विद्यापीठांत मात्र श्रीमंतांना असा लाभ मिळत असल्याचे दिसले नाही. आणखी एक निष्कर्ष अधिकच बोलका आहे. पुढील आयुष्यातील कर्तबगारीचा अंदाज परीक्षेतील गुणांवरून आणि शालेय प्रगतीवरून चांगला बांधता येतो; या तीन कारणांचा तिच्याशी एकतर संबंधच नाही किंवा असलाच तर उलटा आहे. मैदानावर नेतृत्व घडते म्हणून आम्ही खेळाडू घेतो, या लाडक्या युक्तिवादाचा पायाच त्यामुळे खचतो. त्याच्याही बावीस वर्षे आधी प्रिन्स्टनचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन आणि जेम्स शुलमन यांनी निवडक महाविद्यालयांचा अभ्यास करून हाच धोक्याचा इशारा दिला होता. घरातल्याच ज्येष्ठाने दिलेला तो इशारा त्या घराने ऐकून घेतला, त्याचे कौतुक केले आणि कपाटात ठेवून दिला.

ज्या वस्तूला एवढी किंमत येते तिची बनावट होणारच. मार्च २०१९ मध्ये अमेरिकन सरकारने पन्नास जणांवर खटले भरले, तेव्हा उघड झाले की रिक सिंगर नावाचा एक सल्लागार श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन मुलांना नामांकित विद्यापीठांत घुसवीत होता. २०११ ते २०१८ या काळात सुमारे अडीच कोटी डॉलर त्याच्याकडे आले. परीक्षेत लबाडी हा त्याचा एक मार्ग. दुसरा मार्ग खेळाचा. प्रशिक्षकांना लाच देऊन, कधी न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून यादीत घुसवावयाचे. एका अभिनेत्रीने आणि तिच्या पतीने पाच लाख डॉलर मोजून आपल्या दोन मुलींना नौकानयनपटू ठरविले. पुराव्यादाखल मुलींची वल्ही मारण्याच्या यंत्रावर बसलेली छायाचित्रे होती. सिंगरची परिभाषा मार्मिक होती. स्वतःच्या बळावर आत जाणे हे पुढचे दार, प्रचंड देणगी देऊन जाणे हे मागचे दार, आणि त्याने उघडलेले हे बाजूचे दार. त्याला २०२३ च्या जानेवारीत साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. वृत्तपत्रांनी बाजूच्या दारावर महिनोन्महिने लिहिले. मागचे दार कायदेशीर असल्यामुळे उघडेच राहिले. बाजूचे दार मुळात होते म्हणूनच लाच देता आली, याकडेही कोणी फारसे वळले नाही. महाराष्ट्रातही सरकारी नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी बनावट प्रमाणपत्रे वापरल्याची प्रकरणे बाहेर आलीच आहेत. तेव्हा याबाबतीत आपण हसण्याचे कारण नाही.

डाव्या विचाराच्या अनेकांना येथे एक शंका छळते आणि ती टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. खेळ हा गरिबाच्या, विशेषतः काळ्या मुलाच्या हातातील एकमेव दोर आहे, तोही कापावयाचा काय? शंकेमागील तळमळ खरी आहे, पण हिशेब वेगळे सांगतो. अमेरिकन हायस्कुलांतून सुमारे ऐंशी लाख मुले-मुली खेळतात; महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या संघांत पोहोचणारे पाच लाखांच्या थोडे वर. आयव्ही लीग आणि तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. ज्या फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये काळी मुले मोठ्या संख्येने आहेत, तेथे त्यांनी दशकानुदशके कोट्यवधी डॉलरची कमाई करून दिली आणि ‘हौशी’ या गोंडस शब्दाखाली त्यांना मजुरी नाकारण्यात आली. स्वतःच्या नावाचा व्यापारी मोबदला घेण्याची मुभा त्यांना २०२१ साली मिळाली. विद्यापीठांनी थेट पैसे देण्याचा मार्ग तर जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीने खुला झाला. क्रेग गार्थवेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखविले की या दोन खेळांतील उत्पन्न प्रशिक्षकांचे पगार, इमारती आणि ज्यांतून काही मिळकत नाही असे इतर खेळ यांच्याकडे वळते. आणि ते इतर खेळ खेळणारी मुले तुलनेने श्रीमंत आणि गोऱ्या वस्त्यांतली असतात. गरिबाच्या घामावर श्रीमंताच्या मुलाची होडी तरंगते, हे विधान येथे केवळ अलंकारिक राहत नाही.

दुसरी शंका अशी की परीक्षेचे गुण तरी कोठे निष्पक्ष असतात? शिकवण्या लावणाऱ्याला गुणही अधिक पडतात. खरे आहे, आणि आपल्या कोचिंग क्लासांच्या गावांत राहणाऱ्याला ते वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु चेट्टींची तुलना समान गुण असलेल्या मुलांमधील आहे. गुणांत जी विषमता शिरावयाची ती आधीच शिरलेली असते. खेळाचे वजन तिच्यावर आणखी एक थर चढविते. एका अन्यायाचा उतारा म्हणून दुसरा अन्याय, आणि तोही त्याच माणसांच्या बाजूने, हा कोणता न्याय? गुणांतील विषमतेवर उपाय हवा तर तो मुलाची परिस्थिती ध्यानात घेऊन द्यावा. ते प्रवेशाच्या नियमांत उघडपणे लिहिता येते.

या सगळ्याचा अर्थ खेळ नकोत असा मुळीच नाही. उलट खेळाचा प्रसार खरोखर कशाने होतो याचे उत्तम उदाहरण त्याच देशाने घालून दिले आहे. १९७१-७२ साली अमेरिकन हायस्कुलांच्या संघांत तीन लाखांहून कमी मुली खेळत होत्या. १९७२ साली शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या कायद्याचे नववे कलम आले आणि आज ती संख्या चौतीस लाखांच्या घरात आहे. हे प्रवेशातील झुकत्या मापाने घडलेले नाही. मैदान, शिक्षक आणि साहित्य मुलींनाही मिळालेच पाहिजे असे कायद्याने बजावले म्हणून घडले. हक्क म्हणून मिळालेला खेळ लाखोंपर्यंत पोहोचतो. गुण म्हणून मोजलेला खेळ मूठभरांच्या क्लबात अडकतो. (या कायद्याचीही एक गंमत झाली. फुटबॉलच्या शंभरेक मुलांच्या संघाला तोल म्हणून अनेक विद्यापीठांनी मुलींच्या नौकानयनाचे मोठे संघ उभारले, आणि समतेसाठी निर्माण झालेल्या त्या जागांवर खासगी शाळांतील मुलींना आयतीच संधी मिळाली.)

झुकते माप काढून घेतले तर विद्यापीठे कोसळतील अशी भीती घालणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील कॅल्टेकची हकिगत पाहावी. तेथे मैदानासाठी शैक्षणिक कसोटी सैल केली जात नाही. परिणामी त्यांच्या बास्केटबॉल संघाने आपल्या गटातील ओळीने ३१० सामने गमावले. तब्बल २६ वर्षांनी, २०११ च्या फेब्रुवारीत, एक सामना जिंकला आणि विद्यार्थ्यांनी जल्लोष केला. त्या २६ वर्षांत तेथील भौतिकशास्त्राला काही इजा झाल्याचे ऐकिवात नाही. आणि हरणाऱ्या संघातील ती मुले खेळत होती, हेही महत्त्वाचे.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंश ध्यानात घेऊन प्रवेश देण्याची पद्धत रद्दबातल ठरविली. काळ्या मुलाला मिळणारा थोडासा आधार गेला. नौकानयनपटूचा आणि माजी विद्यार्थ्याच्या मुलाचा गेला नाही, कारण तो प्रश्न न्यायालयापुढे निर्णयासाठी नव्हताच. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांनाही माजी विद्यार्थी व देणगीदार यांच्या मुलांना झुकते माप देण्यास मनाई केली. खेळाडूंची भरती मात्र त्या कायद्याच्याही बाहेर राहिली. याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सांता बार्बारा येथील पालकांच्या दाव्यात निर्णय दिला होता की मोफत शिक्षणाच्या घटनात्मक हमीत शाळेचे खेळही येतात, तेव्हा त्यांच्यासाठी फी आकारता येणार नाही. या दोन धाग्यांना एकत्र विणण्याचे राजकीय काम अद्याप व्हावयाचे आहे : शाळेतला खेळ प्रत्येकाला फुकट आणि विद्यापीठाच्या दारात त्याचे वजन शून्य. ते होईल तेव्हा होईल. तोवर, जे मूल शाळा सुटल्यावर किराणा दुकानात काउंटरवर उभे राहते किंवा धाकट्या भावंडांना सांभाळते, त्याला तेथील शिक्षकांनी आणि आपल्या मराठी मंडळींनी एवढे तरी सांगावे की अर्जातील त्या दहा ओळींत नोकरीची आणि घरच्या जबाबदारीची नोंद करण्याचीही तरतूद आहे; तासांची संख्या मांडून ती नोंद स्वच्छ शब्दांत करावी आणि उसन्या खेळाच्या मागे लागू नये.